आईची रनिंग रूम

"मला एक सांग, देवाशी दोन शब्द बोलायचे तर त्यासाठीही रजेचा अर्ज टाकावा लागतो का गं?"

मेथीची जुडी निवडता निवडता माझी मैत्रीण म्हणाली आणि मी हसले. ती मात्र हसली नाही. तेव्हा माझ्या लक्षात आले की हा विनोद नव्हता.

आम्ही दोघी नगरच्या. (आता त्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर झाले आहे, पण आमच्या तोंडी अजून नगरच येते.) शाळेत सात वर्षे एका बाकावर बसलो. ती ख्रिस्ती कुटुंबातली, मी हिंदू. दिवाळीत आमच्याकडच्या करंज्या तिच्याकडे जायच्या आणि नाताळात तिच्याकडच्या करंज्या आमच्याकडे यायच्या. दोन्हींची चव इतकी सारखी असायची की माझी आजी म्हणायची, "अगं, ह्या आपल्याच परत आल्या की काय?" पुढे मी पत्रकारितेचा डिप्लोमा करून या व्यवसायात आले. ती डी.एड. झाली, रेल्वेतल्या मुलाशी तिचे लग्न झाले आणि ती झाशीला गेली. परवा ऑक्टोबरअखेर कामानिमित्त झाशीला जायचे ठरले, तेव्हा हॉटेलचा प्रश्नच नव्हता. नगरहून झेलम एक्सप्रेसने निघाले आणि थेट तिच्या रेल्वे क्वार्टरमध्ये बॅग टाकली.

झाशी म्हटले की आपल्याला राणी आठवते आणि आपण तिथेच थांबतो. स्टेशनलाही आता वीरांगना लक्ष्मीबाईंचेच नाव आहे. २०२१ च्या अखेरीस ते दिले गेले. पण मराठी माणसाचा झाशीशी दुसराही एक संबंध आहे, आणि तो रेल्वेचा. २००३ सालापर्यंत झाशी विभाग मध्य रेल्वेत होता, म्हणजे मुख्यालय मुंबई. साहजिकच भुसावळ, दौंड, मुंबईकडची कितीतरी माणसे बदली होऊन इथे आली आणि काही इथलीच झाली. माझ्या मैत्रिणीचे सासरेही असेच आले. ते रेल्वेच्या शाळेत शिक्षक होते. मुलगा लोको पायलट झाला, म्हणजे आपण ज्याला इंजिन ड्रायव्हर म्हणायचो तो. मैत्रीण एका प्राथमिक शाळेत शिकवते. अकरा वर्षांची मुलगी, सात वर्षांचा मुलगा, सासरे, आणि नवरा. नवरा घरी असेल तेव्हा.

तो 'असेल तेव्हा' फार महत्त्वाचा आहे. लोको पायलटच्या घरात घड्याळ वेगळे चालते. रात्री दोनला कॉल येतो, तो डबा घेऊन लॉबीत जातो, दुसऱ्या दिवशी भलत्याच वेळी परत येतो आणि दुपारी बाराला पडदे ओढून झोपतो. मग घरात कुकरची शिट्टी वाजू द्यायची नाही, टीव्ही लावायचा नाही, मुलांनी भांडायचे तर कुजबुजत भांडायचे.

"पूर्वी कॉल बॉय यायचा सायकलवर, दार वाजवायचा," सासरे मला सांगत होते. "आता मोबाईल वाजतो. जाग मात्र सगळ्या घराला तेव्हाही यायची आणि आताही येते."

एका थपडेची गोष्ट

रात्री मुले झोपल्यावर तिने मला गेल्या वर्षीची हकीकत सांगितली. ती छापायची का, असे मी तिला विचारले. "नाव घालू नकोस, बाकी सगळं घाल," असे ती म्हणाली, म्हणून लिहिते आहे.

इस्टरच्या आधीचे चाळीस दिवस ख्रिस्ती लोक उपवासकाळ पाळतात. कुणी मांसाहार सोडतो, कुणी चहा, कुणी सिनेमा. तिच्या चर्चच्या महिला मंडळात त्या वेळी बाहेरून एक वक्त्या आल्या होत्या. त्यांनी सांगितले की जी आई पहाटे घर उठायच्या आत देवापुढे बसत नाही, तिच्या घरावर छत्र राहत नाही. बायका माना डोलावून घरी गेल्या. माझ्या मैत्रिणीने मात्र ते मनाला लावून घेतले. नगरला माहेरी रोज संध्याकाळी प्रार्थना होत असे. वडील पवित्र शास्त्रातला उतारा वाचत, आई पेटीवर गीत धरी. आपल्या घरात यातले काहीच उरले नाही, जेवताना घाईने दोन वाक्ये म्हटली की झाले, ही टोचणी तिला आधीपासून होतीच.

तिने चारचा गजर लावला. रात्री भांडी, गृहपाठ, वह्या तपासणे आणि नवऱ्याचा डबा आटोपून झोपायला साडेअकरा होत. पाचला नळाला पाणी येई, तेव्हा भांडी भरण्यासाठी उठावेच लागे. म्हणजे तिचा तो एक तास निघाला तो झोपेतून. पहिला आठवडा छान गेला. दुसऱ्या आठवड्यात ती स्तोत्र वाचता वाचता टेबलावर डोके ठेवून झोपू लागली. तिसऱ्या आठवड्यात शाळेत फळ्यावर एकाच ओळीत तीच बेरीज तिने दोनदा लिहिली. चौथ्या आठवड्यात एका पहाटे मुलगा उठून आला. "मम्मी, पोटात दुखतंय."

"जा, झोप जा. मी प्रार्थना करते आहे."

तो गेला आणि परत आला. तिने पुन्हा परत पाठवला. तिसऱ्यांदा आला तेव्हा तिने त्याला थोबाडीत मारली. तो रडलाही नाही. तिथेच उभ्या उभ्या त्याला उलटी झाली, आणि जवळ घेतला तेव्हा कळले की अंग तापले होते.

"एका हातात पवित्र शास्त्र होतं बघ," ती म्हणाली, "आणि दुसऱ्या हातानं मी मारलं. शिष्यांनी येशूपाशी येणाऱ्या पोरांना हाकललं तेव्हा तो रागावला होता त्यांच्यावर. मी रविवारच्या शाळेत हीच गोष्ट शिकवते गं मुलांना."

मी काही बोलले नाही. माझ्या मुलीने मी लेख लिहीत असताना हाक मारली की मी कशी ओरडते, ते मला आठवत होते. आपण सगळ्याच जणी कशासाठी तरी दार लावून घेतो आणि दाराबाहेर कुणीतरी उभे असते.

आधी भाकर

त्या दिवशी तिच्या सासऱ्यांनी जे केले त्याची मला फार गंमत वाटली. ते जुन्या वळणाचे, नेमाने शास्त्र वाचणारे गृहस्थ. सुनेला चार गोष्टी सुनावतील असे तिला वाटले होते. ते म्हणाले, "सूनबाई, चार दिवस तू प्रार्थना करू नकोस. झोप."

मग त्यांनी तिला एलीयाची गोष्ट सांगितली. ती तिला पाठच होती, पण अशी कुणी सांगितली नव्हती. एलीया हा जुन्या करारातला मोठा संदेष्टा. कर्मेल डोंगरावर त्याने मोठा पराक्रम गाजवला, पण लगेच ईजबेल राणीने जिवावर उठण्याची धमकी दिली तेव्हा तो रानात पळून गेला. एका झुडपाखाली बसून त्याने देवाकडे मरण मागितले आणि तो झोपला. देवदूत आला. त्याने उपदेश केला नाही, श्रद्धा कुठे गेली तुझी, असे विचारलेही नाही. त्याने त्याला उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिले. एलीया जेवला आणि परत झोपला. देवदूताने पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घातले. त्यानंतर कुठे तो चाळीस दिवस चालून होरेब डोंगरापर्यंत गेला आणि तिथे वारा, भूकंप, अग्नी यांच्यानंतर त्याला ती मंद वाणी ऐकू आली.

"लोकांना ती मंद वाणी तेवढी लक्षात राहते," सासरे म्हणाले. "त्याच्या आधी दोन झोपा आणि दोन जेवणं झाली होती, ते कुणी वाचत नाही."

मैत्रिणीने चार दिवस खरोखर झोप घेतली. मुलाला दाखवायला डॉक्टरांकडे गेली होती, तेव्हा त्यांनी तिचाही चेहरा पाहून रक्त तपासायला सांगितले. हिमोग्लोबिन आठ निघाले. इथे मी थोडे विषयांतर करते, कारण ते करायलाच हवे. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाने ग्रासलेल्या आढळल्या. निम्म्याहून अधिक! सतत थकवा, चिडचिड, कशातच मन न लागणे, जिना चढताना धाप लागणे, ही त्याची लक्षणे. या बायका आपापल्या देवापुढे बसून 'माझे मन का एकाग्र होत नाही' म्हणून स्वतःला दोष देत असतील, तर त्यांतल्या काहींचे उत्तर लोहाच्या गोळ्यांत आणि रात्रीच्या झोपेत आहे. मन लागत नसेल तर आधी रक्त तपासून घ्या, असे सांगायला मला मुळीच संकोच वाटत नाही. माझी मैत्रीणही त्यावर रागावली नाही. "देवदूताच्या भाकरीत लोहच असणार," असे ती म्हणाली.

आता रनिंग रूमची गोष्ट. गाडी घेऊन दुसऱ्या गावी गेलेल्या चालकांना विश्रांतीसाठी रेल्वेने ठिकठिकाणी रनिंग रूम बांधल्या आहेत. तिथे जेवण मिळते, पलंग मिळतो आणि मुख्य म्हणजे शांतता मिळते. मुख्यालयी परतल्यावरही, आठ तास किंवा त्याहून अधिक ड्युटी झाली असेल तर १६ तासांची विश्रांती द्यावी, असा नियम आहे. प्रत्यक्षात ती पुरेशी मिळते की नाही, यावर संघटना भांडत असतात, पण नियम कागदावर आहे, कारण पेंगुळलेला चालक लाल सिग्नल ओलांडू शकतो आणि मागे हजार माणसे असतात. रेल्वे यासाठी चालकांच्या बायकांचे मेळावेही घेते. घरी नवऱ्याला शांत झोपू द्या, त्याच्या कानावर कटकटी घालू नका, असे तिथे समजावून सांगतात.

अशाच एका मेळाव्याला माझी मैत्रीण गेली होती. शेवटी 'काही शंका?' असे विचारले गेले, तेव्हा तिला उभे राहून विचारावेसे वाटले, "आमची रनिंग रूम कुठे आहे, साहेब?" तिने विचारले नाही. पण घरी येऊन नवऱ्याला तेच विचारले.

"तो काय म्हणाला?"

"गप्प बसला. मग म्हणाला, खरं आहे. गाडी तूही चालवतेस."

रविवार कुणाचा?

ख्रिस्ती धर्मात विश्रांती ही चैन मानलेली नाही. ती दहा आज्ञांपैकी एक आहे. चोरी करू नको, खून करू नको, यांच्याच पंक्तीत ती बसते. आणि निर्गम या पुस्तकात ती आज्ञा ज्या बारकाईने दिली आहे ते पाहण्यासारखे आहे. विश्रांती घरधन्याला आहे, तशीच मुलामुलींना, दासदासींना, गुराढोरांना आणि घरी उतरलेल्या परक्यालाही आहे. मी ती यादी दोनदा वाचली. बैल आहे, पाहुणा आहे. बायकोचे नाव वेगळे घेतलेले नाही. घरधन्याला उद्देशून सांगितले त्यात ती आलीच, असे जाणकार म्हणतात. असेल. पण वेगळे नाव घेतले असते तर बरे झाले असते, असे मला आपले वाटून गेले.

आपल्याकडे रविवारची सुट्टी सरकारी कचेऱ्यांत इंग्रजांमुळे आली, पण कामगाराला ती कुणी दिली नाही, त्याने ती मिळवली. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतिबा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. लोखंड्यांनी ती मागताना रविवार हा खंडोबाचा वार आहे, हे कारणही पुढे केले. एप्रिल १८९० मध्ये त्यांच्या सभेला मुंबईत सुमारे दहा हजार कामगार जमले आणि दोन कामगार स्त्रियाही तिथे बोलल्या. त्याच वर्षी १० जून रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. साहेबाचा प्रार्थनेचा वार आणि आमच्या खंडोबाचा वार एकच निघाला, हे किती छान झाले!

पण मैत्रिणीच्या घरचा रविवार मी पाहिला. सकाळी सहाला उठून मटण धुवायचे, मसाला वाटून ठेवायचा. मुलांच्या आंघोळी, इस्त्रीचे कपडे, मुलाचा एक मोजा सापडत नाही. साडेआठला चर्च, तिथे रविवारची शाळा तिच्याकडे. उपासना संपल्यावर अंगणात 'जय मसीह की' म्हणत अर्धा तास सगळ्यांशी बोलायचे, कारण नाही बोलले तर सूनबाईंना गर्व झाला असे होते. घरी येऊन मटण शिजवायचे, दुपारी कुणीतरी जेवायला असतेच. संध्याकाळी गणवेश, डबे, सोमवारची तयारी. विसाव्याच्या दिवशी सर्वांत जास्त राबते ती आईच. यात ख्रिस्ती-हिंदू काही भेद नाही. आपल्याकडचे सण आठवून पाहा.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली, ती माझ्या मनात राहिली. झाशीतल्या चर्चमध्ये उपासना हिंदीत होते. गीतेही हिंदी असतात. ती सवयीने सगळे म्हणते, छान म्हणते. "पण मन आपलं मराठीतच गुडघे टेकतं," ती म्हणाली. तिच्या उशाशी आईचे मराठी पवित्र शास्त्र आहे. त्याच्या पानांना अजून नगरच्या घराचा वास येतो, असे ती म्हणते. म्हणजे एकांत मिळत नाही तेव्हा तिची नुसती प्रार्थना राहत नाही. दिवसभरात स्वतःशी स्वतःच्या भाषेत बोलायची एकुलती एक जागाही जाते.

उपाय सासऱ्यांनीच काढला. तरुणपणी ते एकदा नैनितालजवळच्या साततालच्या आश्रमात राहून आले होते. स्टॅनले जोन्स नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याने १९३० मध्ये तो सुरू केला. या आश्रमात एक पद्धत होती. आठवड्यातून एक दिवस तिथल्या नोकरांना सुट्टी असे, अगदी संडास साफ करणाऱ्यालाही, आणि त्या दिवशी त्यांची कामे आश्रमात राहायला आलेली माणसे वाटून घेत. त्या काळात, मोठ्या घरच्या, वरच्या जातीतून आलेल्या माणसांनी हातात झाडू धरायचा ही केवढी गोष्ट होती, ते आज आपल्याला कळणार नाही.

"म्हणून मी म्हटलं," सासरे सांगत होते, "आपल्या घरात आठवड्यातून एक संध्याकाळ सूनबाईला सुट्टी. तिची कामं आम्ही वाटून घेतो."

शनिवार संध्याकाळ ठरली. नवरा घरी असला तर तो खिचडी करतो, नसला तर सासरे दूध-पोहे करतात. मुलगी गणवेशांना इस्त्री करते, मुलगा बूट पुसतो. रविवारी मटणाला फाटा देऊन डाळ-भातावर आणायचे होते, पण तो प्रस्ताव घरात एकमताने फेटाळला गेला. तेव्हा मसाला शनिवारी वाटायचा आणि तो नवऱ्याने किंवा सासऱ्यांनी वाटायचा, अशी तडजोड झाली. सुरुवातीला महिनाभर तिला स्वस्थ बसवेना. स्वयंपाकघरातून भांडे पडल्याचा आवाज आला की ती उठायची. "मला सुट्टी घेता येत नव्हती," ती म्हणाली. "खिचडी करपली तर करपू दे, हे स्वतःला सांगणं त्या पहाटेच्या गजरापेक्षा अवघड होतं."

हे मला अगदी पटले. पुष्कळ घरांत नवरा किंवा सासू आड येत नाही. आपणच आपल्या आड येतो. आपल्यावाचून घर चालते हे पाहायचे धाडस आपल्यात नसते.

रोजच्यासाठी वेगळी सोय झाली, आणि तिचे श्रेय मुलीचे. रेल्वेतल्याच मुली त्या. तिने पुठ्ठ्याचा सिग्नल केला आणि आईच्या खोलीच्या दाराला अडकवला. हिरवा म्हणजे या. पिवळा म्हणजे दार न वाजवता, सावकाश या आणि शेजारी बसा, बोलू नका. लाल म्हणजे थांबा. लालच्या खाली तिने अपवादही लिहिले आहेत: रक्त, ताप, उलटी, आग, आणि पप्पांचा फोन. धाकट्याने त्यात पेन्सिलीने 'भूक' घातले होते. ते ताईने खोडले. त्याने परत लिहिले. मी पाहिले तेव्हा ते तिसऱ्यांदा लिहिलेले होते आणि मग कुणी खोडले नव्हते.

वेळ रोज संध्याकाळचा, ती शाळेतून आल्यानंतरचा. पहाटेचा नाही. पंधरा मिनिटे. मार्काच्या शुभवर्तमानात येशू पहाटे अंधारात उठून एकांतात प्रार्थनेला गेल्याचे लिहिले आहे, आणि ते प्रवचनात नेहमी सांगतात. पण त्याच मार्काने हेही लिहिले आहे की माणसांची इतकी रीघ लागली की शिष्यांना जेवायलाही सवड मिळेना, तेव्हा येशूने त्यांना बाजूला चला, थोडा विसावा घ्या, असे सांगितले. तेही दिवसाढवळ्या. म्हणजे कुठली वेळ देवाला पसंत, याचा काही फतवा नाही.

त्या पंधरा मिनिटांत ती काय करते? पहिली पाच मिनिटे काहीच नाही, नुसती बसते. मग एखादे स्तोत्र वाचते. तिचे आवडते १३१ वे, जेमतेम तीन ओव्यांचे. त्यात मन शांत झाल्याची उपमा आईजवळ निवांत पडलेल्या, दूध तुटलेल्या मुलाची दिली आहे. अंगावर पिणारे मूल आईजवळ आले की काहीतरी मागत असते. दूध तुटलेले मूल काही मागायला येत नाही, नुसते जवळ येते. हे मला तिने समजावून सांगितले तेव्हा मी दोन मुलांची आई असूनही चकित झाले. मग ती मागण्यांची वही काढते. वहीत विद्यार्थ्यांची नावे असतात, नगरच्या आईचे गुडघे असतात आणि ज्या रात्री नवरा गाडीवर असेल त्या रात्री गाडीचा नंबर असतो.

"आणि झोप लागली तर?"

"तर लागली. देव काही हजेरीपट घेऊन बसलेला नाही."

अर्थात प्रत्येकीकडे असे सासरे नसतात. तिच्याच चर्चमधली एक परिचारिका आहे. नवरा नाही, एक मुलगी, आणि महिन्यात कितीतरी रात्रपाळ्या. तिला पंधरा मिनिटे कोण देणार? ती म्हणते, ड्युटीहून येताना शेअर रिक्षात बसले की स्टँडपासून घरापर्यंतचा वेळ माझा. ओढणी डोक्यावरून पुढे घेते. लोकांना वाटते उन्हाची घेतली. जॉन वेस्लीची आई सुझाना हिच्याबद्दल अशीच गोष्ट सांगतात. तिला एकूण १९ मुले झाली, त्यांतली निम्मी लहानपणीच गेली. गजबजलेल्या त्या घरात ती अॅप्रन डोक्यावर ओढून घेऊन प्रार्थनेला बसे आणि मुलांना कळे की आता आईला हाक मारायची नाही. सतराव्या शतकात पॅरिसच्या मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा आचारी होऊन गेला. आपल्याला भांड्यांच्या खणखणाटातही देवाचे सान्निध्य लाभते, असे तो म्हणे. ख्रिस्ती महिला मंडळांत त्याचा दाखला फार देतात. मात्र ब्रदर लॉरेन्सला मुले नव्हती, एवढे लक्षात असू द्यावे.

ज्या कामासाठी मी झाशीला गेले होते ते होते सेंट ज्यूडच्या तीर्थस्थानाचे. संत ज्यूड हा ज्यांची सगळी आशा संपली त्यांचा कैवारी मानला जातो. झाशीचे पहिले कॅथलिक बिशप फेनेक यांनी हे स्थान उभारले. दर वर्षी २८ ऑक्टोबरला सण असतो, आणि लांबलांबून माणसे येतात, सगळ्या धर्मांची. माझी मैत्रीण प्रॉटेस्टंट, तिच्याकडे संतांना नवस नसतात, पण ती माझ्याबरोबर आली. मेणबत्त्यांची दाटी, गर्दी, रेटारेटी. त्यात एका बाकावर एक बाई मांडीवरच्या बाळासकट गाढ झोपली होती. डोक्यावरचा पदर सरकला होता, हातातली मेणबत्ती पेटवायचीच राहिली होती. माणसे येत होती, बाकाच्या टोकाशी टेकत होती, उठून जात होती. तिला कुणी उठवले नाही. मैत्रिणीने जाता जाता तिच्या हातातून निसटायला आलेली मेणबत्ती अलगद काढून तिच्या पिशवीत ठेवली.

परतताना किल्ला दिसला. विष्णुभट गोडशांनी 'माझा प्रवास'मध्ये राणीच्या दिनक्रमाविषयी लिहिले आहे, पहाटेचा व्यायाम, स्नान, पूजा. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेले ते पुस्तक मी शाळेत असताना शौर्यकथा म्हणून वाचले होते. या वेळी मनात आले, तिच्याही घरात दामोदर होता, दत्तक घेतलेला, लहानगा. पूजा चालू असताना तो येऊन आईच्या पाठीवर पडत असेल का? गोडशांनी ते लिहिलेले नाही. भटजींना ते दिसले नसेल.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी बॅग भरत होते. दारावर लाल सिग्नल होता. धाकटा बाहेर येरझारा घालत होता. त्याने सिग्नलकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि हळूच तो पिवळा केला. मग दार ढकलून आत गेला. मी फटीतून पाहिले. मैत्रीण डोळे मिटून भिंतीला टेकून बसली होती. तो तिच्या मांडीशी टेकला. तिने डोळे उघडले नाहीत, फक्त हात त्याच्या डोक्यावर ठेवला. तो काहीही बोलला नाही.

तेवढ्यात फोन वाजला. पप्पांना कॉल आला होता. सासऱ्यांनी उठून डब्यासाठी पोळ्यांचा तवा चढवला, आणि मला म्हणाले, "तुम्हाला पोळ्या लाटता येतात ना?"